मिरची उपटू नका, छाटा

संक्रांत झाली की परसातली मिरची उपटायची आणि उकिरड्यावर फेकायची, ही आपल्याकडची जुनी सवय. पावसाळ्यात लावलेलं झाड तोवर थकलेलं असतं. पानं पिवळट, मिरच्या बोटभराच्या जागी पेरभर, खालच्या फांद्या वाळलेल्या. बघणाऱ्याला वाटतं, संपलं याचं. नारायणगडाच्या पंचक्रोशीतल्या आणि एकूणच बीड जिल्ह्यातल्या घरोघरच्या मंडळींना माझं सांगणं आहे की यंदा उपटायच्या आधी ते झाड एकदा नीट बघा. निरोगी असेल तर खुरपं बाजूला ठेवा आणि कात्री घ्या. एप्रिलमध्ये, भाजी महाग आणि पाणी दुर्मिळ झालेलं असताना, तेच झाड तुम्हाला ठेच्यापुरती मिरची देईल.

मिरची मुळात एका वर्षात मरणारं झाड नाही. तिचं माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. तिकडच्या उबदार भागात ती चार-दोन वर्षं टिकणारं झुडूप आहे. थंड देशांत हिम पडलं की मरते, म्हणून तिथं ती एका हंगामाची ठरली. आपल्या शेतात ती एका हंगामाची ठरली त्याचं कारण वेगळं. उत्पन्न घटलं की रान मोकळं करून पुढचं पीक घ्यायचं असतं. शेतकऱ्याला तो हिशोब बरोबर आहे. न्हाणीच्या मागे लावलेल्या चार झाडांना किंवा तेलाच्या डब्यातल्या दोन झाडांना तो हिशोब लावायचं काही कारण नाही.

छाटणीविषयी मोबाइलवर आता भरपूर माहिती मिळते. पण त्यातले पुष्कळसे व्हिडिओ थंड मुलखातले असतात. झाड हिवाळ्याच्या तोंडावर कापा, घरात आणून ठेवा, वसंतात बाहेर काढा, असं ते सांगतात. त्यांच्यासाठी ते खरंही आहे, कारण त्यांच्या मिरचीला हिवाळा मारतो. आपल्या मिरचीला उन्हाळा मारतो. बालाघाटाच्या या माथ्यावर हिवाळा हा तर मिरचीचा सुखाचा काळ. दिवसा कोवळं ऊन, रात्री गारवा, फुलगळ कमी. ऐन कार्तिक-मार्गशीर्षात, मिरच्यांनी लगडलेलं झाड कुणाचं तरी ऐकून अर्धं कापणं हा शुद्ध तोटा आहे. तिकडच्या लोकांचं कापायचं कारण समजून घ्या, त्यांचा महिना घेऊ नका.

आपल्याकडचं गणित पाण्याचं आणि तापमानाचं आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. माथ्यावरची जमीन मुरमाड आणि हलकी, गोदावरीच्या बाजूला गेवराई-माजलगावकडे काळी आणि खोल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मिरचीला दिवसाचं तापमान पंचविशी-तिशीत असलं की मानवतं. ते ३५च्या वर सरकलं की फुलं लागतात आणि गळून पडतात. यात खताचा दोष नाही, औषधाचा नाही, आणि दाराला लिंबू-मिरची बांधून काही होणारही नाही. परागच धड तयार होत नाहीत, मग मिरची धरणार कुठून? तेव्हा मे महिन्यात फुलं गळताहेत म्हणून दुकानातून टॉनिकची बाटली आणू नका. सावली करा.

आता छाटणीकडे वळू. लहान रोपापासून सुरुवात करतो.

मिरचीचं रोप आधी एकाच दांड्यावर सरळ वर जातं. वीत-दीड वीत झालं की त्याला बेचकं फुटतं. एका दांड्याचे दोन होतात आणि नेमकं त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. पुढे त्या दोन फांद्यांना पुन्हा बेचकी, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि प्रत्येक बेचक्यात एक कळी. म्हणजे मिरची आपली आपण फांद्या वाढवते, तुळशीसारखं तिला सतत खुडत बसावं लागत नाही. जितकी बेचकी तितक्या मिरच्या हे लक्षात ठेवलं, की कात्री कुठे लावायची नाही ते आपोआप कळतं. वरच्या फांद्यांना विनाकारण हात लावू नका.

मग शेंडा खुडायचा की नाही? रोप सहा-आठ पानांचं झालं की वरचा कोवळा शेंडा नखाने खुडतात. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली उतरत असतं आणि ते बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे फुटतात आणि झाड ठेंगणं, डेरेदार होतं. रोपवाटिकेतून आणलेली रोपं सावलीत दाटीने वाढून उंचाडी, बारीक दांड्याची झालेली असतील तर शेंडा जरूर खुडा. गडाच्या बाजूला वारं चांगलंच असतं, तिथे ठेंगणं झाड कोलमडत नाही. पण शेंडा खुडला की पहिली मिरची पंधरवडाभर लांबते. रोप आधीच उशिरा लावलं असेल, किंवा पुसा ज्वालासारखी मुळातच झुडूप होणारी जात असेल, तर खुडू नका. सगळ्यांचंच खुडलं म्हणून आपलंही खुडायचं, असं नको.

पहिल्या बेचक्यातलं फूल मात्र काढून टाकावं, विशेषतः झाड अजून गुडघ्याच्या निम्म्यावरही आलं नसेल तर. बायकांना हे जिवावर येतं, पहिली मिरची देवाला वाहायची असते. पण ती एक मिरची वाढवण्यात लहान झाडाची ताकद जाते आणि वाढ अडते. झाड कमरेला लागू द्या, मग देवाला मूठभर वाहा.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात खरी गरज असते ती खालची बाजू साफ करण्याची. पहिल्या बेचक्याच्या खाली दांड्यावर जी पानं नि बारीक फुटवे असतात, त्यांतले जमिनीला टेकणारे काढून टाका. जमिनीपासून वीतभर दांडा उघडा दिसला पाहिजे. पावसाचा थेंब मातीवर आपटतो, चिखल उडून खालच्या पानांवर बसतो आणि मातीतली बुरशी त्याच वाटेने झाडावर चढते. खाली मोकळं असेल तर वाराही खेळतो. हे काम एका बैठकीत उरकू नका, आठवड्याच्या अंतराने दोनदा-तीनदा करा. आणि खालचं साफ करता करता वरचीही पानं विरळ करायचा मोह टाळा. पानांची सावली गेली की मिरचीवर थेट ऊन पडतं आणि सालीवर पांढरा, कागदासारखा चट्टा येतो. तो रोग नाही, मिरची भाजलेली असते.

पावसाळ्यातली दुसरी अडचण म्हणजे शेंड्याकडून खाली वाळत येणाऱ्या फांद्या. हा बुरशीचा रोग, हीच बुरशी पिकलेल्या मिरचीवर काळे, खोलगट डाग पाडते. फांदी जिथवर वाळली तिथे कापून उपयोग नाही, दोन-तीन बोटं खाली हिरव्या लाकडात कापावं लागतं. कापलेलं तिथेच टाकू नका, जाळून टाका. आणि झिमझिम चालू असताना कात्री लावू नका. ओली जखम म्हणजे बुरशीला उघडं दार. दोन दिवस उघडीप मिळाली, पानांवरचं दव वाळलं, की सकाळी दहानंतर हे काम करा.

आता माघातली मोठी छाटणी, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, थंडीचा कडाका ओसरला पण ऊन अजून चढलं नाही, असा जो पंधरवडा-तीन आठवड्यांचा काळ मिळतो, तो यासाठी उत्तम. आधी झाडावरच्या सगळ्या मिरच्या काढून घ्या, लाल झालेल्या वाळवणाला, हिरव्या घरात. मग झाडाभोवती एक फेरी मारून मुख्य फांद्या ओळखा. तीन ते पाच जाड, निरोगी फांद्या ठेवायच्या. एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक, त्या मुळापासून काढायच्या. ठेवलेल्या फांद्या साधारण निम्म्यावर कापायच्या. झाड अडीच-तीन फुटांचं असेल तर ते फूट-दीड फुटावर यावं. प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे राहिले पाहिजेत. डोळा म्हणजे पान जिथून निघालं ती जागा. काप त्याच्या बोटाच्या पेराएवढा वर आणि तिरका घ्या.

आणि पानं पूर्ण ओरबाडू नका. खाली थोडी तरी हिरवी पानं राहू द्या, नवी फूट येईपर्यंत झाड त्यांच्यावर जगतं. पूर्ण बोडकं केलेलं झाड फुटतं कधी कधी, पण हटकून फुटेल असा भरवसा नाही. इतकं कापलेलं बघून घरात कुणीतरी नक्की म्हणेल, मारलंस की झाड! म्हणू द्या.

छाटल्यावर आळ्यातली माती खुरप्याने हलकी उकरा. खोल नको, मिरचीची मुळं वरवर पसरलेली असतात. दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला आणि वरून आच्छादन करा: उसाचं पाचट, तुरीचा भुसा, वाळकी पानं, जे हाताशी असेल ते. नंतरच्या पाण्यात लोक चुकतात. झाड छाटलं, आता त्याला जोर यायला हवा, म्हणून हंड्याने पाणी घालतात. पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण? ते मुळाशी साचतं आणि मुळं कुजतात. नवी फूट दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. उबेत दोन आठवड्यांच्या आत डोळे हिरवे होतात, आणि मार्चच्या उत्तरार्धात फुलं येऊ लागतात. उन्हाळी मिरची म्हणून शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीत नवी रोपं लावतोच. तुमच्या छाटलेल्या झाडाला मात्र जुनी, पसरलेली मुळं तयार असतात.

पाणी अजिबातच नसेल, टँकरवर दिवस काढायचे असतील, तरीही छाटणीचा फायदा आहे. पानं कमी म्हणजे झाडाची तहान कमी. अशा वेळी मिरचीची आशा धरू नका, झाड जगवण्याची धरा. अर्धं झाड, दाट आच्छादन, दुपारची सावली आणि तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी, एवढ्यावर ते मृगापर्यंत तग धरू शकतं. पहिल्या पावसाबरोबर ते फुटेल तेव्हा तुमच्या शेजाऱ्याचं बी अजून वाफ्यात असेल. भांडी घासल्याचं साबण-पावडरचं पाणी मात्र घालू नका. त्यातले क्षार मातीत साठतात आणि बोअरचं पाणी आधीच आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी जड आहे.

माघ चुकला तर? चैत्र-वैशाखात मोठी छाटणी करू नका. उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते आणि झाड वरून खाली वाळत येतं. थांबा, रोहिणी नक्षत्र सरताना, ढग जमू लागले की छाटा. मधल्या काळात फक्त वाळलेलं काढत राहा.

जुनं झाड ठेवण्याला एक मोठी अट आहे, आणि ती पाळायची नसेल तर उपटण्याची जुनी सवयच बरी. झाड बोकड्या झालेलं नसावं. पानं आकसली की सरसकट बोकड्या म्हणायची आपली पद्धत आहे, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, तर ते काम फुलकिड्यांचं. कडा खाली वळल्या, पान लांबट, उलट्या वाटीसारखं झालं आणि देठ लांबला, तर कोळी. हे दोन्ही इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात किंवा दिसतच नाहीत. तिसरा प्रकार विषाणूचा. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पानं बारीक, चुरगळलेली, पिवळसर, पेरं आखूड, सगळा शेंडा गुच्छासारखा गोळा झालेला आणि मिरची जवळजवळ नाहीच.

पहिल्या दोन प्रकारांत कात्री उपयोगी पडते. आकसलेले शेंडे खुडून पिशवीत भरा आणि घरापासून दूर जाळा, कीड बरीचशी त्यांच्याबरोबर जाते. मागाहून लिंबोळीचा अर्क फवारा, नवी फूट स्वच्छ येते. तिसऱ्या प्रकारात कात्री काही कामाची नाही. विषाणू झाडाच्या अंगभर असतो. कितीही खाली कापा, नवी फूट तशीच आकसलेली येणार. आणि ते झाड परसात ठेवलं तर पावसाळ्यात लावाल त्या नव्या रोपांना पांढरी माशी तोच प्रसाद वाटत फिरेल. असं झाड दिसलं त्या दिवशी मुळासकट उपटा आणि जाळा. माया नको. कीड की विषाणू हा फरक कळत नसेल तर चार-सहा फांद्या कापून बघा आणि तीन आठवडे वाट पाहा. नवी पानं सरळ आली तर झाड ठेवा, आकसून आली तर त्याच दिवशी काढा.

लिंबोळीच्या अर्काला पैसा लागत नाही, म्हणून कदाचित आपण त्याला किंमत देत नाही. जूनच्या सुमारास कडुलिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. लागतील तेव्हा ५० ग्रॅम बिया जाडसर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साधा साबण विरघळवा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच, हा ठेवून वापरायचा नसतो. फवारा पानांच्या खालच्या बाजूने बसला पाहिजे, कीड तिथे राहते. एका फवाऱ्याने काही होत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन लागतात. झाडाजवळ तेल लावलेला पिवळा पत्रा किंवा चिकट कागद टांगला तर पांढरी माशी आणि मावा त्यावर येतात, निळ्यावर फुलकिडे येतात.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. कापसावर मारून उरलेलं औषध परसातल्या मिरचीवर मारू नका. बाटलीत थोडं उरलंय, वाया कशाला घालवायचं, या विचाराने घरोघरी हे होतं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला देशात २००५ पासून बंदी आहे, तरी कापसाच्या निमित्ताने घरात आलेलं ते मिरचीवर जातं. डब्यावरच्या चौकोनात लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, हे लहान पोरालाही माहीत असायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते तर शेतात होते. आपली मिरची आपण सकाळी तोडतो आणि दुपारी भाकरीबरोबर खातो, कच्ची. उपासाच्या साबुदाण्यातसुद्धा तीच जाते. धुऊन सगळं औषध निघत नाही. घरच्या मिरचीचा मोठा फायदा ती बिनविषारी असण्यात आहे. तो घालवायचा असेल तर बाजारातून आणलेली काय वाईट?

आणखी एक खबरदारी आहे, ती पुरुष मंडळींसाठी. तंबाखू मळलेल्या हाताने मिरचीच्या झाडाला हात लावू नका. तंबाखूवर पानं चितकबरी करणारा एक विषाणू असतो, तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो, आणि मिरची ही तंबाखूच्याच कुळातली. शेंडा खुडताना, छाटताना, मिरची तोडताना बोटांवरून तो थेट जखमेत जातो. हात साबणाने धुऊन या. कात्रीही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा. तंबाखू सोडली तर उत्तमच, पण तो वेगळा लेख आहे.

मिरची तोडणं हीसुद्धा छाटणीच आहे, हे फारसं कुणी ध्यानात घेत नाही. मिरचीच्या फांद्या ठिसूळ असतात. ओढून तोडली की फांदीची साल सोलून निघते, कधी फांदीच मोडते. डाव्या हाताने फांदी धरा, देठ वरच्या बाजूला मोडा, किंवा कात्रीने कापा. हिरवी तोडत राहिलं तर झाड नवी फुलं धरत राहतं. सगळ्या लाल होऊ दिल्या तर झाडाला वाटतं, बी तयार झालं, काम झालं. वाळवणासाठी लाल हव्या असतील तर एक-दोन झाडं त्यासाठी वेगळी सोडा.

खताचं थोडक्यात सांगतो. शेणखत किंवा गांडूळखत महिन्या-दीड महिन्याने ओंजळभर, एवढं पुरे. युरिया दिला की झाड हिरवंगार दिसतं, पानं मोठी होतात, फुलं गळतात आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा तुटून पडतो. तुराटीचा आधार द्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीने सैल बांधा. डब्यात लावणार असाल तर डबा पंधरा लिटरचा तरी असावा, बुडाला चार भोकं हवीत, आणि नुसती काळी माती भरू नका. ती भिजली की चिकट होते, वाळली की तडकते आणि मुळं तोडते. निम्मी माती, बाकी शेणखत आणि वाळू किंवा बारीक मुरूम. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं आत घालून बघा. दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उठतात, त्याला पाणी लागत नाही.

शिमला मिरची घरी लावायची हौस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, उन्हाळ्यात नादी लागू नका. तिला मात्र छाटणी नियमित लागते: दोनच मुख्य फांद्या ठेवायच्या, बेचक्याखालचे फुटवे निघतील तसे काढायचे. एका झाडाला मोजकीच फळं ठेवली तरच ती भरतात.

जातींत, जुनं झाड राखायच्या दृष्टीने, पुसा सदाबहार बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ही जात, मिरच्या घोसाने आणि आभाळाकडे तोंड करून लागतात, आणि झाड दोन-तीन वर्षं टिकतं असं तिच्या वर्णनातच आहे. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योतीही घोसाने लागते. पुसा ज्वाला म्हणजे ती पोपटी, लांब, सुरकुतलेली, ठेच्याला चांगली. घरच्या मिरचीचं बी धरत असाल तर लक्षात ठेवा, मिरचीत परपरागीभवन बऱ्यापैकी होतं. तिखट मिरचीशेजारी शिमला लावली तर पुढच्या वर्षीच्या रोपांचा भरवसा नाही. संकरित जातीचं बी तर धरूच नका. आणि कितीही जपलं तरी तिसऱ्या वर्षी झाड बदला, तोवर त्यात काही ना काही रोग साठलेला असतो.

आता ज्यांना हे सगळं वाचून हसू येईल त्यांच्याविषयी. आपल्या जिल्ह्यातली किती घरं दसरा-दिवाळीला कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ते वेगळं सांगायला नको. मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांनी माघात छाटणी करायची कशी? घरात म्हातारी माणसं मागे राहत असतील तर हे काम त्यांना सांगून जा. कष्टाचं नाही, बसून होतं, आणि आजीच्या हाताला त्याची समज आपल्यापेक्षा जास्त असते. घर बंदच होणार असेल तर डब्यातलं झाड शेजारी द्या, मिरच्या त्यांनी खाव्यात, झाड तुम्हाला परत मिळावं. ट्रॉलीत संसार भरताना एक डबा मिरचीचाही जाऊ शकतो. ऊसतोडीच्या मुक्कामी, कोपीवर, पाचटाला तोटा नसतो, आच्छादनाची सोय तिथेच झाली. आषाढीला जे धाकट्या पंढरीहून, म्हणजे नारायणगडाहून, मोठ्या पंढरीला, पंढरपूरला, पायी निघतात, त्यांना ही चिंता नाही. तेव्हा पाऊस झाडाची काळजी घेतो. फक्त निघण्याआधी खालची पानं काढून, तुराटी बांधून जा.

झाडाचं दुखणं कळेना झालं तर दुकानदाराला विचारण्याआधी आकसलेली फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. आपल्या जिल्ह्यात गेवराई तालुक्यात खामगावला एक आहे आणि अंबाजोगाईच्या बाजूला दिघोळअंब्याला एक. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२पासून याच मुलखाच्या पिकांवर काम करतं आहे. घरच्या चार झाडांसाठी कशाला जायचं, असं म्हणू नका. विचारायला पैसे पडत नाहीत.

येत्या माघात, घरातल्या सगळ्यांत निरोगी दिसणाऱ्या एका झाडाला तरी कात्री लावून बघा. बाकीची हवी तर उपटा. कात्री आणि हात साबणाने धुवा, निम्म्यावर कापा, पाणी बेताने घाला, आणि एप्रिलमध्ये वरून जुन्या साडीची सावली करा.